धृतीही क्षेत्रातच

तुंगारेश्वराच्या पायथ्याशी वसलेल्या सातिवलीत, जेथे औद्योगिक गाळ्यांतील यंत्रांची घरघर दिवसभर थांबत नाही, तेथे राबून घर सांभाळणारी एखादी स्त्री जेव्हा अकारण संतापू लागते, रात्रीच्या रात्री जागून काढते, भरपूर जेवूनही वाळत जाते आणि पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद तिच्या कंपाने थरथरतो, तेव्हा घरची मंडळी तिची कैफियत ऐकण्यापूर्वीच ‘हिचा स्वभावच बिघडला’ असा निवाडा देऊन मोकळी होतात.

वस्तुतः श्वासनलिकेला बिलगलेली वीसेक ग्रॅमची थायरॉइड ग्रंथी तेथे अनेकदा कारण असते. डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये वर्णिलेल्या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे पोष ग्रंथीच्या हुकमाची बतावणी करून थायरॉइडला अहोरात्र राबवितात. त्यातच मधुमेह असला तर साखर आणखी चढते. अधिवृक्क ग्रंथी दुबळी असली तर तिचा कॉर्टिसोल हा तुटपुंजा स्राव अधिकच वेगाने खर्ची पडतो, आणि एका विकारावरील औषधाची मात्रा दुसऱ्याचा विचार केल्यावाचून ठरविता येत नाही.

षड्रिपूंत गणलेला क्रोध जर स्रावाच्या अल्पशा आधिक्याने उसळत असेल आणि कार्बिमाझोल या थायरॉइड आवरणाऱ्या औषधाच्या नियमित सेवनाने काही आठवड्यांत ओसरत असेल, तर दोष कोणाचा, आणि पुण्य तरी कोणाचे? गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले असून इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्या पंक्तीस धृतीलाही, म्हणजे धैर्यालाही, बसविले आहे. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी क्षेत्राची 36 तत्त्वे उलगडून सांगितली, तेव्हा त्यांनीही तिला वगळले नाही. ज्या धैर्याच्या बळावर रुग्णाने विकार आवरावेत अशी आपली अपेक्षा, ते धैर्यही देहाबरोबर झिजते, हे सत्य आपल्या नीतिविचारात अजून पुरते मुरलेले नाही.

यावरून जबाबदारी सरली असे मानणारा मात्र चुकेल. संताप उसळणे त्या स्त्रीच्या हाती नसले, तरी वेळच्या वेळी गोळी घेणे, रक्ततपासणी न चुकविणे आणि ज्या लेकरावर ओरडली त्याला नंतर जवळ घेणे हे तिला साधण्याजोगे आहे, आणि मी यालाच साधना म्हणतो. आप्तांनीही उपदेश आवरून तिला दवाखान्यात न्यावे. ज्याला निकोप ग्रंथी लाभल्या त्याची शांती त्याने स्वतः कमावलेली असेलच असे नाही. हे ज्याला उमगले, तोच दुसऱ्याच्या अस्वस्थतेचा न्याय दयेने करू शकेल.