पुन्हा गायिलेली गाणी

एकदा दिलेला शब्द देणाऱ्यानेच पुढे बदलावा काय, या प्रश्नाची चर्चा नीतिशास्त्रात पुष्कळ झाली आहे. गाण्याच्या बाबतीत तो सहसा कोणी उपस्थित करीत नाही. गाणे हे काही वचन नव्हे, ते रचणाऱ्याची मालमत्ता आहे, त्याने ते हवे तसे गावे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्याने एखादे गाणे वीस-पंचवीस वर्षे मनात सांभाळले आहे त्याचे या उत्तराने समाधान होत नाही, आणि त्याचे असमाधान केवळ हट्ट म्हणून सोडून द्यावे असे आम्हांस वाटत नाही.

विचारास निमित्त झाले ते डब्लिनच्या ‘यू टू’ या रॉक बँडचे. १९७६ साली माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन या ड्रम वाजविणाऱ्या मुलाने एक चिठी लावली, तीतून हा बँड जन्मास आला. १९८० साली त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा जे चौघे होते तेच २०२३ सालीही होते. बोनो गाणारा, एज गिटारवाला, अ‍ॅडम क्लेटन आणि हा मलन. त्या साली १७ मार्चला त्यांनी ‘साँग्ज ऑफ सरेंडर’ या नावाने आपलीच चाळीस जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केली. पुढाकार एजचा. करोनाच्या बंदिवासात त्याने एकेक गाणे उचलले, त्यावरचा गजर उतरविला, पट्टी खाली आणली, लय संथ केली, आणि पियानो किंवा साधी गिटार एवढ्यावर ते उभे केले. काही ठिकाणी शब्दही बदलले. सारे मिळून सुमारे पावणेतीन तासांचे गाणे झाले.

रसिकांत दोन तट पडले. एक म्हणाला, इतकी वर्षे मैदानात लांबून ऐकलेला माणूस आज शेजारी येऊन बसला, शब्द प्रथमच नीट कळले. दुसरा म्हणाला, ही आमटी खरी, पण फोडणी कोठे आहे? तिसराही एक वर्ग होता. त्याचे म्हणणे असे की दहा-बारा गाणी गोड लागली असती, चाळीसांनी गुंगी येते. या तिसऱ्या वर्गाशी आम्ही पूर्ण सहमत आहोत, पण तो प्रमाणाचा प्रश्न झाला, नीतीचा नव्हे.

नीतीचा प्रश्न ‘उतरविणे’ या कल्पनेपासून सुरू होतो. अलंकार उतरविले म्हणजे मूळ रूप दिसते, असे यात गृहीत आहे. हे सर्वत्र खरे असते काय? १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’मधील ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ हे गाणे घ्या. ऑर्गनचा स्वर हळूहळू वर चढतो, मग एजच्या गिटारीचे स्वर येतात, यंत्रातून परत परत घुमतात, एकावर एक थर रचतात, आणि जवळजवळ पावणेदोन मिनिटांनी बोनोचा आवाज उमटतो. ते गाणे बसविताना सर्वांचा इतका काळ गेला की ब्रायन इनो या निर्मात्याच्या मनाने घेतले, ही ध्वनिफीतच पुसून टाकावी आणि पहिल्यापासून आरंभ करावा. साहाय्यकाने त्यास वेळीच आवरले. एवढ्या हालांतून जे सिद्ध झाले तो अलंकार नव्हता. तो चढाव हेच गाणे होते. तो काढल्यावर उरते ती एक बरी कविता आणि एक बरी चाल. तेव्हा ‘आता खरे गाणे ऐका’ असा सूर जेथे जेथे लागतो, तेथे आमचा जुन्या श्रोत्यास पाठिंबा आहे. जुनी ध्वनिमुद्रिका कोणी हिरावून नेलेली नाही, हे खरे. परंतु ‘तुम्ही ज्यावर भाळलात ते केवळ आवरण होते’ असे ऐकणे कोणास रुचेल?

आपणां भारतीय श्रोत्यांनी तरी या बाबतीत सोशिक असावयास हवे होते. ख्यालाची बंदिश रोज नवी गायिली जाते आणि ‘मूळ’ कोणते असे कोणी विचारीत नाही. तथापि तोच श्रोता नाट्यपदातील एखादी हरकत इकडची तिकडे झाली तर खुर्चीत चुळबुळतो. एकंदरीत हा रागाचा किंवा रॉकचा प्रश्न नसून ओळखीचा आहे.

आणि येथे, मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या आम्हां लोकांनी जरा आपल्याकडे पाहावे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एक गाव आहे, आणि ते बदलीचा हुकूम हाती पडला त्या दिवशी जसे होते तसेच आहे. प्रवासभत्त्यावर दोन-चार वर्षांनी घरी जावे तो वाड्याच्या जागी इमारत, चौकातील उपाहारगृहाच्या जागी बँक. आमचा संताप होतो. तेथे राहणारा भाऊ शांतपणे विचारतो, “गळक्या छपराखाली तू राहणार होतास का?” त्याचे बरोबर असते. जो राहतो त्यास बदलण्याचा अधिकार आहे, आणि जो निघून गेला त्याच्याजवळ केवळ स्मृतीचा हक्क उरतो. गायक आपल्या गाण्यात राहतो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी विशीतील पट्टी लागत नाही म्हणून त्याने खाली उतरून गायिले, तर आम्ही कोण त्यास नावे ठेवणार? ‘आय विल फॉलो’ हे १९८० चे गाणे त्याने आईच्या आठवणीने रचले होते. ती १९७४ साली गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आज ते गाणारा माणूस वयाने आपल्या आईच्याही पुढे गेलेला आहे. पोराच्या आकांताने ते पुन्हा गाणे हेच खोटे झाले असते. या एका गाण्यासाठी आम्ही एजचे बाकीचे पुष्कळ अपराध माफ करू.

लय आणि पट्टी यांचा निकाल असा लागतो. शब्दांचा इतका सहज लागत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील ‘प्राइड’ या १९८४ च्या गाण्यात त्यांच्या हत्येची वेळ सकाळची आली आहे. वस्तुतः ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे गोळी झाडली गेली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. बोनोने पुढे रंगमंचावर गाताना ही चूक कित्येकदा सुधारली. यात कोणाचे काय बिघडले? आमच्या भाषेत हे शुद्धिपत्रक झाले. मजकूर कायम, तपशील दुरुस्त.

‘वॉक ऑन’चे तसे नाही. हे गाणे २००० च्या ‘ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड’ या संग्रहातले. मागे टाकता येत नाही तेवढेच बरोबर घेऊन निघावे, असा त्या नावाचा आशय. पुण्याहून दिल्लीस रुजू होण्यासाठी निघालो तेव्हा आगगाडीत आम्ही हे गाणे किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. पण ते लिहिले गेले होते ब्रह्मदेशात स्थानबद्ध असलेल्या आंग सान सू ची यांच्यासाठी. तेथील लष्करी राजवटीने त्या संग्रहावर बंदी घातली होती. पुढे २०१६ साली सू ची यांच्या हाती सत्ता आली. २०१७ साली रोहिंग्यांवर लष्कराने अनन्वित अत्याचार केले आणि त्यांनी त्याचा धिक्कार केला नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहून आपल्या देशाची बाजू मांडली. योगायोग असा की त्यानंतर चारच दिवसांनी, १५ तारखेच्या रविवारी, ‘यू टू’चा भारतातील पहिला कार्यक्रम नवी मुंबईत झाला. आमच्या कार्यालयातील एक स्नेही सोमवारची नैमित्तिक रजा टाकून त्यास गेले होते.

गायकांचा भ्रमनिरास झाला तर तो न्याय्यच होता. २०२३ च्या नव्या आवृत्तीत या गाण्याचे शब्द बदलले आणि ते युक्रेनच्या लढ्यास वाहिले गेले. युक्रेनविषयी आमचा वाद नाही. मे २०२२ मध्ये बोनो आणि एज कीव्हच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात जाऊन गायिले, त्यास धैर्य लागते. परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रह्मदेशच्या लष्कराने पुन्हा सत्ता बळकावून सू ची यांना अटक केली होती. म्हणजे त्यांच्या बंदिवासासाठी लिहिलेले गाणे दुसऱ्याच्या हाती गेले तेव्हा त्या पुन्हा बंदिवासातच होत्या. या गोष्टीने आम्ही अस्वस्थ झालो ते अद्याप आहोत.

आमच्यासारख्या कारकुनास येथे फाईल आठवणे साहजिक आहे. हिरव्या कागदावर एकाने टिप्पणी लिहून सही-तारीख केली की ती पुढे चुकीची ठरली तरी कोणी खोडीत नाही. मतभेद असेल त्याने खाली नवी टिप्पणी लिहावी, आपली तारीख घालावी. जुनी ठेवतात ती तिच्यावरील श्रद्धेने नव्हे, तर त्या दिवशी आपण काय मानीत होतो हे कळावे म्हणून. आता कागद गेला, संगणक आला, तरी हा शिरस्ता राहिला आहे. ‘वॉक ऑन’ चुकीच्या माणसास दिले गेले असे वाटले, तर तसे स्पष्ट म्हणणारे नवे गाणे लिहिता आले असते. युक्रेनसाठीही नवे लिहिता आले असते. जुन्या सहीवर नवे नाव घालण्याने चूक मिटत नाही, फक्त दिसेनाशी होते. आमचे वरील स्नेही म्हणतात, जुनी आवृत्ती आहेच की, ही नवी टिप्पणीच समजा. असेल. पण टिप्पणीत ‘मागील पृष्ठ पाहावे’ असे लिहिलेले असते. या नव्या गाण्यात मागच्या पानाचा निर्देश आम्हांस कोठे सापडला नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लास व्हेगास येथील ‘स्फिअर’ या गोलाकार प्रेक्षागृहाचा आरंभ याच बँडने केला. मार्चमध्ये गजर उतरविणारे हे लोक सहा महिन्यांनी अवाढव्य पडद्याखाली १९९१ ची ‘अख्तुंग बेबी’मधील गाणी पूर्ण आवाजात गात होते. चाळीस प्रयोग झाले. ज्याने सूचनाफलकावर चिठी लावली होती तो मलन शस्त्रक्रियेमुळे नव्हता, त्याच्या जागी ब्राम व्हान डेन बर्ख हा हॉलंडचा वादक बसला. तरी प्रेक्षागृह भरत होते. आमच्या स्नेह्यांस आम्ही विचारले की मूळ गाण्याशी अधिक इमान कोणते, चौघांनी मिळून गजराविना गायिलेले, की गजरासह तिघांनी गायिलेले? ते अजून उत्तर शोधीत आहेत, आणि जेवणाच्या सुटीत रोज नवे देतात.