मागचे पाऊल

नृत्य आणि नीती यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने होतो. कोणी नाचावे, कोणापुढे नाचावे, आणि पाहणाऱ्याच्या चित्तावर त्याचा काय परिणाम होतो, एवढाच त्या चर्चेचा व्याप. नाचणाऱ्या दोघांनी परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला आमच्या पाहण्यात नाही. आम्हीही तो विचारला नसता. परंतु गेल्या वैशाखात मुरबाडास आमच्या भाचीचे लग्न निघाले, आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे आदल्या रात्री घरच्या मंडळींनी जोडीजोडीने नाचावे असे तरुणांत ठरले. शहापुरास राहणारे मामा-मामी त्यांतून सुटले नाहीत. कल्याणहून एक शिक्षिका येत असे. वयाने आमच्या विद्यार्थिनींएवढी. तिने आम्हां उभयतांस वाल्ट्झची मूळ पावले शिकविण्याचे पत्करले.

हा नाच अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि ऑस्ट्रियन मुलखांतून युरोपभर पसरला. तो इंग्लंडच्या राजदरबारी शिरला तेव्हा, म्हणजे १८१६ साली, लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने आईबापांस सावधगिरीचा इशारा दिला होता. त्याच्या तीन वर्षे आधी कविवर्य बायरन यांनी त्यावर उपहासकाव्य लिहून टोपणनावाने छापले होते. ज्यांच्या स्वतःच्या शीलाविषयी त्याच समाजात कुजबूज होती, त्यांनाही या नाचाने शरम वाटावी यातली गंमत वाचकांच्या ध्यानी येईलच. आक्षेप एवढाच होता की स्त्रीपुरुष एकमेकांस धरतात. आम्हांस अडचण पडली ती धरण्याची नव्हती. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर तेवढे धैर्य अंगी येते. अडचण पडली ती पावलांची.

ठेका तीन मात्रांचा. ज्याने न्यावयाचे त्याने एकला डावे पाऊल पुढे टाकावे, दोनला उजवे पुढे आणून बाजूस न्यावे, तीनला डावे त्यास मिळवावे; मग उजवे मागे, डावे मागे आणून बाजूस, उजवे पुन्हा जुळते. सहा मात्रांत जमिनीवर एक चौकोन पुरा होतो. दादरा ज्यांच्या कानांत आहे त्यांस हे आवर्तन परके वाटू नये. चूक होते ती तिसऱ्या मात्रेस. पाऊल पावलास नुसते चिकटवून भागत नाही. देहाचा सगळा भार त्यावर द्यावा लागतो, तेव्हाच दुसरा पाय पुढच्या मात्रेसाठी मोकळा होतो. आम्ही भार अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवून उभे राहत असू, आणि मग भलताच पाय उचलला जाई. “सर, पाय जुळले, पण तुम्ही अजून आला नाहीत,” असे ती मुलगी म्हणाली. तीस वर्षे वर्गात उभे राहून इतके नेमके वाक्य आम्हांस क्वचितच सुचले असेल.

जोडीदाराची पावले याच्या उलट. आम्ही पुढे, तेव्हा आमची पत्नी मागे. आणि मागे जाताना तिने मान वळवून पाहावयाचे नाही. तिच्या पाठीमागे खुर्ची आहे, ओट्याची कड आहे की दुसरे जोडपे आहे, हे आम्हांसच दिसते. दुसऱ्याच दिवशी आम्ही, स्वतःच्या पावलांवर नजर खिळवून, तिला दाराच्या चौकटीवर नेऊन आदळले. तिच्या कोपरास लागले. आमचा हेतू निर्मळ होता. पाऊल चुकू नये म्हणूनच आम्ही खाली पाहत होतो. पण ज्याला एकट्यालाच दिसते त्याने खाली पाहणे हा अपराध आहे, मग तो कितीही प्रामाणिक शिकाऊ असो.

येथे आमचे एक वकील स्नेही म्हणतील, जिने मागे जाण्याचे आपखुशीने पत्करले तिच्या बाबतीत तक्रारीस जागा कोठे? संमती एकदा दिली, प्रश्न मिटला. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. तथापि शिक्षिकेचे सांगणे वेगळे होते. नेणाऱ्याने आधी छाती आणि भार किंचित पुढे आणावा, जोडीदाराचा भार हलला असे जाणवू द्यावे, आणि मगच पाऊल टाकावे. ते अंतर मात्रेच्या एका अंशाचे असते. पण त्या अंशात विचारणा असते आणि उत्तरही असते. अशी संमती दर पावलास नव्याने मागावी लागते. आरंभी दिलेल्या होकारावर रात्रभर नाचता येत नाही.

आपल्याकडील नाचांत ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली आहे. वारल्यांच्या नाचात तारपा वाजविणारा मध्ये असतो, आणि हात गुंफलेली साखळी त्याच्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती फिरते. नेणारा तेथे आहे, पण तो कोणास ढकलीत नाही. त्याचा श्वास चालला आहे तोवर त्याची सत्ता. फुगडीत तर नेणाराच नाही. चवडे जुळवून, हातांची अढी घालून दोघीजणी मागे झुकतात. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. आमच्या पत्नीने ही तुलना ऐकून घेतली, आणि फुगडीत कोणी कोणास विचारीत नाही कारण दोघींनाही सारखेच लागते, असा शेरा मारला.

त्या शेऱ्यामागे काय होते ते आम्हांस ठाऊक होते. २००३ साली शहापूर तालुक्यातील महाविद्यालयात आम्हांस जागा मिळाली तेव्हा ती पुण्यास एका शाळेत कायम झालेली शिक्षिका होती. आम्ही होकाराचे पत्र टाकून घरी आलो आणि मग तिला सांगितले. तिने राजीनामा दिला, सामान बांधले, आणि आसनगाव स्टेशनावर आमच्यामागून उतरली. भांडण झाले नाही. भांडण झाले नाही हेच आम्ही आजवर तिच्या संमतीचे प्रमाण मानीत आलो. आज वाटते, तो पुरावा आमच्या बाजूचा नाही. जो मागे पाहत नाही त्याचे मौन पाठीच्या भरवशाचे असते. ते मनाचे असेलच असे नाही.

लग्न झाले, नाच झाला, लोक हसले आणि टाळ्याही दिल्या. घरी परतल्यावर एके संध्याकाळी अंगणात तिने आपण होऊन हात पुढे केला आणि म्हणाली, “आता मी नेते. तुम्ही मागे या, आणि वळून पाहायचे नाही.” आम्ही पहिलेच पाऊल घाबरत टाकले. पाठीमागे तुळशीवृंदावन आहे हे पक्के माहीत असूनही मान वळू पाहत होती. चौथ्या-पाचव्या आवर्तनास आम्ही विचारले, “तेव्हा तुला आधी विचारले असते, तर?”

“आलेच असते,” ती म्हणाली. “अहो, मोजा ना. तीन चुकले.”