मिशनचा पगार

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. नगरला मिशनचे ठाणे पडून तेव्हा २३ वर्षे झाली होती. तोवर उपदेशाला मराठी माणसे नव्हती असे मुळीच नाही. साहेब बोलू लागला की लोकांच्या आडव्यातिडव्या शंका निस्तरायला हीच माणसे लागत. कागदोपत्री मात्र ती मदतनीस. आपल्याच देशात मिशनरी होण्याच्या कल्पनेची इथली सुरुवात ही अशी, दुसऱ्याच्या कामाला हात लावण्यापासून झाली.

तिचा पुढचा प्रवास मला धर्मशास्त्रापेक्षा हिशेबाच्या वहीतून जास्त कळतो. हे रुक्ष वाटेल. पण उच्च जातीतल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की घर सुटे, पंगत सुटे, बहुधा पोटाचा धंदाही सुटे. मग उरे मिशनची शाळा, मिशनचा छापखाना, नाहीतर मिशनचा उपदेश. भाकरी आणि प्रचार एकाच हातून येऊ लागले, की गावातला कोणीही शहाणा माणूस विचारणार : हा बोलतो ते मनातले की पगाराचे? प्रामाणिकातल्या प्रामाणिक उपदेशकालाही याचे उत्तर सिद्ध करून दाखवता येत नसे.

वरिष्ठ हे जाणून होते. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः बोस्टनहून हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार आपणच करावा, हा त्यांचा आग्रह. (मंडळीने स्वतंत्र व्हावे, हेही बोस्टननेच ठरवायचे!) नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती पुढे महार आणि मांग समाजातून आले. ज्यांचे दुष्काळात स्वतःचेच भागेना, ते पाळकाचा पगार कुठून उभा करणार? याच समाजांतले खेड्यापाड्यांतले मास्तर आणि घरोघर जाणाऱ्या बायबल बाया हे खरे तर इथले स्वदेशी मिशनरी. त्यांची नावे आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. ब्राह्मण धर्मांतरितांची ठाऊक आहेत, कारण त्यांनी लिहून ठेवले, आणि त्यांच्या बाटण्याची ओरड मोठी झाली.

पंडिता रमाबाईंमुळे या हिशेबातली एक बाजू उलगडते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे खटके उडू लागले. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी मत दिले, तेव्हा बाईंनी आपली विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकायला साफ नकार दिला. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले ते अमेरिकेतल्या मदतीवर. केडगावच्या मुक्ती मिशनलाही परदेशातून पैसा येत राहिला. पण काय करायचे ते बाई ठरवत. पैसा कुठला यापेक्षा हुकूम कोणाचा, हे जास्त महत्त्वाचे, असा याचा अर्थ मी लावतो.

नारायण वामन टिळकांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला मिशनचे काम. पगार हाती आला की त्याला कशा वाटा फुटत, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलेच आहे. तेव्हा पैशाचा मोह हा टिळकांचा प्रश्न नव्हता. त्यांना खुपत होते ते मंडळीचे साहेबी वळण, आणि मिशनच्या सावलीत वाढलेला तिचा परावलंबी स्वभाव. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या आधाराने पोचलो, असे ते मानत. हे शोभेचे बोलणे नव्हते. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, हा वारकरी दंडक मराठी श्रोत्याच्या अंगी मुरलेला आहे. मग तुकोबांची परंपरा सांगणाऱ्याने पगारपत्रकावर सही कशी करायची? १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. मला ही पगार सोडण्याहून मोठी उडी वाटते, कारण बाप्तिस्म्यांची मोजदाद हेच तर मिशनच्या यशाचे माप होते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार पुढे फारसा टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभ्या कामाचे असेच होते. शिवाय संन्याशामागे संसार असला तर तो रेटायला लक्ष्मीबाई लागतात, हेही विसरू नये.

संस्था उभारण्याचे काम तोवर दक्षिणेकडच्या एका माणसाने हाती घेतले होते. व्ही. एस. अझरया यांनी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत भारतीयांची मिशनरी संस्था काढली. २५ डिसेंबर १९०५ ला, म्हणजे वंगभंगाच्याच वर्षी, बंगालमधल्या श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. माणसे, पैसा आणि कारभार, तिन्ही भारतीय, हे तिचे सूत्र. १९१० च्या एडिंबरो परिषदेत अझरयांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, तुमच्या त्यागाचे उपकार आहेतच, आता मैत्री द्या. पण ते स्वतः तिरुनेलवेलीहून दोर्नकलला कामाला गेले, तेव्हा या तमिळ माणसाला तेलुगू शिकावी लागली. देश आपला, गाव परके.

मिझो टेकड्यांत १९१० पासून बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. तो विकून आलेल्या पैशाचा प्रचाराच्या कामाला मोठा आधार झाला, आणि आता मिझो मिशनरी मिझोरमबाहेरच्या राज्यांतही जातात. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा यांवर बोट ठेवले होते. या तांदळावर ते ठेवता येत नाही. तरीही संशय फिटत नाही, आणि त्यामागे नुसते राजकारण आहे असे मी म्हणणार नाही. टिळकांना साताऱ्यात कोणाची भाषा शिकावी लागली नव्हती, आणि तुकोबा तर श्रोत्यांना आधीच पाठ होते. मिझो तरुणाला हिंदीपासून सुरुवात करावी लागते. पैशाच्या बाबतीत तो नगरच्या मदतनिसांपेक्षा कितीतरी मोकळा आहे. गावाशी असलेल्या नात्याच्या बाबतीत मात्र तो त्या मदतनिसांपेक्षा त्यांच्या साहेबाला जवळचा आहे.