भित्र्या जिवाला घर देताना



मागच्या पंधरवड्यात आपल्या सांवेरच्या ग्रुपवर एक निरोप फिरला. इंदूरच्या एका शेल्टरमध्ये एक मांजरी आहे. वय साधारण दोन वर्षं, ऑपरेशन झालेलं, लसी दिलेल्या, तब्येतीने ठणठणीत. पण माणूस जवळ आला की पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटते. बघायला येणारे लोक शेजारच्या पिंजऱ्यातली खेळकर पिल्लं घेऊन जातात, ही तिथेच. कोणी शांत, धीराचं घर देईल का, एवढंच विचारलं होतं. त्यावर आलेली उत्तरं जवळजवळ सगळी एकाच वळणाची होती. साधकाच्या घरी आणा, प्रेमाने कोणालाही जिंकता येतं.

भावना चांगलीच आहे. पण त्या 'जिंकता येतं' या शब्दांपाशी आम्ही सेवेकरी मंडळी अडलो. दोन संध्याकाळी त्यावर बोलत बसलो. घर शोधणं चालूच आहे, पण त्या निमित्ताने जे प्रश्न निघाले ते सगळ्यांपुढे ठेवावेसे वाटले.

पहिलं म्हणजे ही भीती काय असते ते नीट समजून घेऊ. पुष्कळ जणांना वाटतं, हिला कोणीतरी मारलं असणार. तसं असेलही, पण मार खाल्लेला नसतानाही मांजर आयुष्यभर भित्रं राहू शकतं. मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख पटण्याचा काळ फार थोडा असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत आयलीन कार्श या बाईंनी 1980 च्या दशकात पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. त्या दिवसांत माणसाचा हात लागला, आवाज कानावर पडला, तर पुढे माणूस आपला वाटतो. ते दिवस एखाद्या गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांमागे निघून गेले तर मग माणूस म्हणजे एक मोठं, अनोळखी जनावर. शिवाय त्याचे कान. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला 60 हजारांच्याही वर. आपल्या उज्जैन रोडवरचे बसचे हॉर्न, लग्नसराईतला डीजे, दिवाळीची लड, हे सगळं तिच्या कानात काय होत असेल याचा अंदाजही आपल्याला येणार नाही.

म्हणजे ती कृतघ्न नाही, हट्टी नाही, आणि आपल्या प्रेमाची परीक्षा तर मुळीच घेत नाहीये. ती फक्त जीव वाचवते आहे.

आता आपल्या लोकांच्या तोंडी असलेल्या एका दृष्टान्ताकडे येऊ. प्रवचनांतून आपण मर्कटन्याय आणि मार्जारन्याय किती वेळा ऐकलाय! माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसतं, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला तोंडात धरून नेईल तिथे जातं. रामानुजाचार्यांच्या नंतर श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ झाले, त्यांच्या वादात हे दोन दृष्टान्त प्रसिद्ध आहेत. आपण त्यातून नेहमी पिल्लाचा धडा घेतो, की असं अंग सोडून द्यावं, शरण जावं. आईकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. त्या पिल्लाने डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून तिच्या अंगाची ऊब त्याला मिळाली आहे. विश्वास आधी तिच्याकडून पोचलाय, पिल्लाचं अंग सोडणं त्याच्या मागून आलंय. शेल्टरमधल्या या मांजरीला 'शरण ये' म्हणणारे आपण कोण? तिच्या लेखी आपण अजून काहीच दिलेलं नाही.

(जाता जाता एक. हा दृष्टान्त ऐकून मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलणारे लोक आम्ही पाहिलेत. 'आईपण असंच धरते ना!' अहो, ते पिल्लापुरतं. चार किलोचं मांजर तसं लटकवलं तर त्याला दुखतं आणि त्याची भीती दुप्पट होते. डॉक्टर लोकही आता तसं धरू नका म्हणतात.)

तर मग धीराचं घर कशाला म्हणायचं? आमच्यातल्या एका काकूंनी फार सरळ सांगितलं. 'जिला कोणी बोलावलं नाही तरी चालतं, अशा बाईच्या घरी तिला द्या.' आधी आम्ही हसलो, मग पटलं. आपण ज्याला धीर म्हणतो त्यात पुष्कळदा नुसतं थांबणं असतं. आज नाही तर महिन्याने मांडीवर येईल, दिवाळीपर्यंत तरी येईल, असा हिशोब आतून चालूच असतो. तारीख उलटली की मग राग येतो. 'एवढं केलं तरी हिला कदर नाही.' निष्काम कर्मावर आपण तासन् तास बोलतो, आणि वाटीभर खाण्याच्या बदल्यात घुरघुर मागतो.

म्हणून घर विचारायला जाताना आम्ही आता एकच प्रश्न आधी विचारतो. मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. समजा, या सगळ्या वर्षांत ती एकदाही तुमच्या मांडीवर बसली नाही, तर सकाळी सातची तिची वाटी ठेवली जाईल का? उत्तर लगेच 'हो हो' आलं तर आम्ही थोडे सावध होतो. जे लोक क्षणभर गप्प होतात, एकमेकांकडे बघतात, त्यांच्याशी पुढे बोलावंसं वाटतं.

आपल्या भागात याचं एक मोठं उदाहरण आहेच. होळकरांच्या राज्यातलं आपलं सांवेर, त्यामुळे अहिल्याबाईंच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्यात. सर जॉन माल्कमने 1823 साली मध्य भारतावर ग्रंथ छापला, त्यात त्याने लिहून ठेवलंय की शेतकरी पाखरांना शेतातून हाकलतात म्हणून बाईंनी पाखरांसाठी वेगळी शेतं राखून ठेवली होती. ती पाखरं काही बाईंच्या हातावर येऊन बसली नसतील. दाणे खाऊन उडून गेली असतील.

ग्रुपवर एका दादांचा दुसरा एक मुद्दा होता, तो जास्त अवघड. ते म्हणाले, ती भित्री आहे हे सुरुवातीलाच कशाला सांगायचं? घरात एकदा पाऊल पडलं की माया लागतेच. एका जिवाचं भलं होत असेल तर थोडं झाकलं म्हणून काय बिघडलं? आणि त्यांनी महाभारतातल्या कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. कर्णपर्वात श्रीकृष्ण ती अर्जुनाला सांगतात. कौशिकाचं व्रत खरं बोलण्याचं. दरोडेखोरांनी विचारलं, लोक कुठे पळाले, आणि याने खरं सांगून टाकलं. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे, दादांचं म्हणणं, जिवापुढे शब्दशः सत्य मोठं नाही.

गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे, पण ती इथे बसत नाही असं आम्हाला वाटतं. कौशिकाने गप्प राहून जीव वाचला असता. इथे गप्प राहिल्याने जीव धोक्यात येतो. ज्यांना सांगितलं नाही ते घर काय करणार? पहिल्या दिवशी तिला पलंगाखालून ओढून काढणार, पाहुण्यांना दाखवणार, पोरं मागे धावणार. ती एखाद्याला ओरबाडणार. आठव्या दिवशी फोन येणार, 'घेऊन जा.' किंवा फोनही येणार नाही, पोत्यात घालून क्षिप्रेच्या काठी सोडून येतील. (पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण तो कायदा माहीत किती जणांना असतो!) आणि परत आलेलं मांजर गेलं होतं त्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं. तेव्हा सगळं सांगायचं. ती लपते, फिस्कारते, कदाचित नेहमीच असं राहील. दहातली नऊ घरं नाही म्हणतील, म्हणोत. तिला घर एकच पाहिजे.

ज्येष्ठांपैकी काहींनी 'मांजर घरात अशुभ' असंही सांगून पाहिलं. बाळाच्या सहाव्या दिवशी आपण सटवाई पुजतो, त्या षष्ठी देवीचं वाहनच मांजर आहे, यापलीकडे आम्ही त्यावर वाद घातला नाही.

आता खरी अडचण. आपल्यातली बहुतेक घरं शाकाहारी, काही ठिकाणी कांदा-लसूणही नाही. आणि मांजर हे मांसाहारी जनावर आहे, आवडीने नाही, शरीराच्या रचनेनेच. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला लागतं, ते निसर्गात मांस-मासळीतूनच मिळतं. त्याचं शरीर स्वतः ते पुरेसं तयार करू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय मोठं होऊन निकामी होतं. हृदयाची ही गोष्ट कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी 1987 साली उघडकीला आणली, आणि त्यानंतर मांजरांच्या विकतच्या खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. तेव्हा दूध-पोळीवर, दहीभातावर मांजर 'सात्त्विक' होतं वगैरे जे बोललं जातं, ते तिच्या जिवावर आपलं व्रत पाळणं आहे. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

मग अहिंसा पाळणाऱ्याने काय करावं? एकीकडे हा जीव, दुसरीकडे त्या पाकिटात गेलेली कोंबडी किंवा मासळी. यावर आमचं एकमत झालं नाही आणि ते झाल्यासारखं दाखवायचं नाहीये. काही जण म्हणाले, पाकीट घरात येणार असेल तर आमचं घर नको, आणि हे स्पष्ट सांगितल्याबद्दल त्यांचा आम्हाला आदरच वाटला. काहींनी मागच्या ओट्यावर वेगळी वाटी, वेगळा चमचा ठेवायची तयारी दाखवली. आमच्यापुरतं एवढंच ठरलं की आपला नियम आपल्या ताटाचा. ज्याला तो नियम तिच्या वाटीवरही लावायचा आहे, त्याने मांजर आणू नये. तिने आपल्याकडे दीक्षा घेतलेली नाही.

ज्यांचं हे सगळं ऐकूनही मन तयार आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराचं थोडं. संपूर्ण घर नको, एक खोली द्या, दार बंद. त्यात पुठ्ठ्याचं खोकं, एक बाजू उघडी. नेदरलँड्समध्ये 2014 साली शेल्टरमधल्या 19 मांजरांवर अभ्यास झाला, ज्यांना लपायला खोकं मिळालं ती नव्या जागेत लवकर स्थिरावली. म्हणजे लपू दिलं की भीती कमी होते, आपण मात्र बाहेर काढायला बघतो. वाळूचं घमेलं खोलीच्या एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या. रोज ठरल्या वेळी जा, जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. जप करा, पोथी हळू आवाजात वाचा, तिला तुमच्या आवाजाची सवय होऊ दे. टक लावून बघू नका. नजर भेटलीच तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने 2020 साली हेच तपासलं, असं करणाऱ्या माणसाकडे मांजरं जास्त जाऊ लागली. लपते म्हणून घाबरू नका, पण दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर लवकर बिघडतं. ओरबाडलं, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखान्यात जा, 'घरचंच मांजर आहे' म्हणून टाळू नका.

हेही सांगून ठेवतो की काही मांजरं घराची होतच नाहीत. मोठी झाल्यावर पहिल्यांदा माणूस पाहिलेल्या मांजराला खोलीत कोंडणं हा धीर नव्हे. ऑपरेशन झालेलं असेल, रोजचं खाणं मिळेल आणि कुत्र्यांपासून आडोसा असेल तर एखादं गोदाम, गोठा, शेतावरचं घर त्याला जास्त मानवतं. हिच्याबाबतीत शेल्टरवाल्यांचा अनुभव असा की रात्री दिवे मालवले की ती बाहेर येते आणि राखणदार बाईंच्या चपलेला अंग घासते. म्हणून अजून घराची आशा धरली आहे.

एका ताईंनी विचारलं, हिच्या मागे तीन-चार महिने घालवायचे, तेवढ्यात त्याच खोलीतून पाच-सहा पिल्लांना घरं मिळाली नसती का? मिळाली असती. संख्येने पाहिलं तर ताईंचं बरोबर आहे आणि शेल्टर चालवणाऱ्याला तसंच पाहावं लागतं, त्याच्याकडे पिंजरे मोजके असतात. पण आपण शेल्टर नाही. ज्या घरात एकच खोली आणि एकच शांत म्हातारं जोडपं आहे, त्यांना हिशोब मांडायची गरज नाही. पिल्लांना घेणारे पुष्कळ आहेत.

आपल्या गावच्या उलट्या हनुमानाला दर्शनाला सगळ्या देशातून लोक येतात. मारुतीराय पाताळात निघाले होते म्हणून मुख खाली, अशी कथा आपण त्यांना सांगतो. शेंदूर तसाच लागतो, आरती तशीच होते. मूर्ती सरळ करून घ्या, असं आजवर कोणी सुचवल्याचं आम्ही ऐकलं नाही.

सध्या दोन घरांशी बोलणं चालू आहे. एका घरी नातवंडं सुट्टीत येतात, त्या दिवसांचं काय करायचं ते ठरायचंय. दुसऱ्या घरी खोली आहे, काका-काकू दोघंच असतात, पण पाकिटाचा निर्णय काकूंनी अजून दिलेला नाही. त्यांनी वेळ मागितलाय, घाई कोणी करू नये. आणखी कोणाला विचार करायचा असेल तर रविवारी सत्संगानंतर मागच्या ओसरीवर भेटा. येताना घरातल्या सगळ्यांना विचारून या.