भिंतीवरून आलेली फांदी



भावसिंगपुरा असो की मुकुंदवाडी, आपली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. शेजाऱ्याचा शेवगा आपल्या अंगणावर येतो. पावसाळ्यात सुरवंट गळतात, वाऱ्यात फांदी मोडून पत्र्यावर आदळते. आणि शेंगा कोणाच्या, यावरून दोन घरांचे बोलणे बंद होते!

ज्यांच्या नावाने येथील मिलिंद महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन झाला, त्या भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला आंब्याचा दृष्टान्त दिला होता. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणू लागला, मालकाने लावलेला आंबा निराळा, मी नेलेले निराळे. राजानेच निवाडा दिला की तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यापासूनच आले. नागसेनांना सांगायचे होते ते पुनर्जन्माविषयी. आपण त्यातून अंगणापुरते घेऊ. फांदी इकडे आली तरी मूळ पलीकडे आहे. न विचारता शेंग तोडणे हे अदिन्नादानच. पंचशील घेतलेल्या घराने विचारून घ्यावी.

मग सुरवंट सोसत बसायचे काय? मुळीच नाही. घरी जाऊन, आवाज न चढवता अडचण सांगा. शेंगा संपल्यावर शेवगा छाटला तर जोमाने फुटतो, हेही सांगा. त्यात त्याचाही लाभ आहे. रात्री कुऱ्हाड मात्र चालवू नका. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि झाडाला इजा करणे हेही त्यात तोडण्यातच धरले आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या, पोच घ्या.

तो ऐकतच नसेल तर रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आठवा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो सांगितला आहे. सिद्धार्थाने सुचवले होते, शाक्यांचे दोघे, कोलियांचे दोघे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा. शाक्यसंघाने ते मानले नाही, पण आपल्या गल्लीला मानायला कोणाची हरकत आहे?

बोलता बोलता त्याने चारचौघांत तुमची जात काढली, तर मात्र तो झाडाचा तंटा राहिला नाही. त्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेथे गप्प बसणे म्हणजे शांती नव्हे. तुम्हीही उलट शिवी देऊ नका. साक्षीदारांची नावे लिहून ठेवा आणि ठाण्यात जा.

एरवी छाटणी मृगाच्या आधी उरकावी. पाला दोन्ही घरांनी वाटून घ्यावा, त्याची भाजी चांगली होते.