झाकणाखालची माया

पावसाच्या पहिल्या सरींनंतर अंगणात, न्हाणीच्या पाटाशी किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसलेला खरखरीत पाठीचा भेक आपण पाहिलाच असेल. भारताच्या बहुतेक भागांत तो आढळतो. एखादे मूल कुतूहलाने त्याला उचलते, बरणीत घालते आणि विचारते, "ह्याला आपण पाळू या का?" प्रश्न बालसुलभ खरा, परंतु त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्याने आपल्याकडे आश्रय मागितलाच नाही, त्याला आश्रय देण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

पाळण्याच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे क्षुल्लक नाही. बाहेर साप आहेत, कावळे आहेत, वाहनांची चाके आहेत. घरात अन्न आणि निर्भयता आहे. शिवाय भेक जवळून पाहिल्याने मुलाच्या मनातील किळस जाते. त्याच्या स्पर्शाने चामखीळ उठते ही समजूतही गळून पडते. चामखीळ विषाणूमुळे होते.

पण सांभाळणे म्हणजे काय, ते आधी पाहू या. भेक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणून नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि आपल्या हातांवरचा साबण त्याला अपायकारक ठरतो. त्याला ओलसर माती, उथळ पाणी आणि लपण्यास अंधारी जागा लागते. तो हलणारे भक्ष्य टिपतो, म्हणून जिवंत किडे नियमाने पुरवावे लागतात. डोळ्यांमागील ग्रंथींत विष असल्याने त्याला हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावे लागतात. आणि हे सारे एका सुट्टीपुरते नव्हे. भेक वर्षानुवर्षे जगू शकतो. मुलाचा उत्साह मात्र कित्येकदा पावसाळ्याबरोबरच ओसरतो.

"मग कंटाळा आला की सोडून देऊ," असे कोणी म्हणेल. येथेच खरी मेख आहे. इतर पाळीव बेडकांच्या सहवासात राहिलेला भेक रोग घेऊन बाहेर जाऊ शकतो. उभयचरांच्या कातडीला ग्रासणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभरात अनेक जाती नामशेष केल्या आहेत. म्हणजे उचलणे क्षणाचे असते, पण काही काळाने परतीची वाट आपणच बंद केलेली असते. ज्याचे ऋण फेडणे आपल्या हाती उरणार नाही, ते सहज काढावे काय?

इंग्लंडमधील सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1789 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका भेकाची हकीकत दिली आहे. काही स्त्रियांनी त्याला अनेक वर्षे माश्यांच्या अळ्या खाऊ घातल्या. तो बागेच्या पायऱ्यांखालील बिळात राही, सायंकाळी आपण होऊन बाहेर येई आणि भोजनानंतर मेजावर उचलून घेतला जाई. शेवटी एका माणसाळलेल्या डोमकावळ्याने चोच मारून त्याचा डोळा फोडला आणि काही काळ झिजून तो मेला.

बंद पेटीत तो कदाचित अधिक जगला असता, हे मान्य करावयास हवे. तरीही त्या स्त्रियांच्या मायेत एक गोष्ट होती, जी झाकणाखालच्या मायेत नसते: न येण्याची मोकळीक त्या प्राण्याला रोज होती. म्हणूनच त्याच्या येण्याला अर्थ होता. जेथे नकार देण्याची सोयच नाही, तेथे आपण ज्याला प्रेम म्हणतो ते बहुधा आपल्याच हौसेचे नाव असते.

तेव्हा वाचकहो, मुलाने भेक आणला तर त्याला रागावू नका. घटकाभर त्याच्याबरोबर तो न्याहाळा, आणि त्याच संध्याकाळी, जेथून आणला तेथेच, मुलाच्याच हातून सोडवा. अंगणात फुटक्या मडक्याची एक खापरी उपडी घालून ठेवा. विषारी फवारणी टाळा. त्याला यावेसे वाटले तर तो येईल. न आला, तर तोही त्याचा अधिकारच आहे, एवढे मुलाला समजावून सांगा.