होमस्टेडला निघालेल्या नातीस

चि. सानिका हिस,


येत्या ऑगस्टात तू कॅलिफोर्नियातल्या होमस्टेड हायस्कूलच्या नववीत जाणार. तुझी आई फोनवर एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि जीपीए (गुणांची सरासरी) यांशिवाय दुसरं काही बोलत नाही. मी जन्मभर टेक्निकलच्या वर्कशॉपमध्ये मुलांना कानस धरायला शिकवलं, त्यामुळे या शाळेत मला मोलाचं काय वाटतं ते थोडं वेगळं आहे.

तुझी शाळा १९६२ साली सुरू झाली. तेव्हा कूपर्टिनो-सनीव्हेलच्या भागात जर्दाळूच्या आणि आलुबुखारच्या बागा तोडून घरं उठत होती. विमानांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची मुलं मोठी होत होती. म्हणून फ्रीमाँट युनियन डिस्ट्रिक्टने एकामागून एक शाळा काढल्या: १९६५ मध्ये लिनब्रुक, १९६९ मध्ये माँटा व्हिस्टा.

होमस्टेडमध्ये जॉन मॅकॉलम नावाचे गुरुजी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. आधी नौदलात वैमानिक होते, शिस्तीचे कडक. पुढे स्टीव्ह जॉब्सबरोबर अ‍ॅपल कंपनी काढणारा स्टीव्ह वॉझ्नियॅक त्यांचा विद्यार्थी, १९६८ च्या बॅचचा. या पोराला वर्गातलं सगळं आधीच येतंय हे गुरुजींनी ओळखलं. त्याला नुसतं बसवून ठेवण्याऐवजी त्यांनी सिल्व्हेनिया कंपनीत शब्द टाकला आणि तिथल्या संगणकावर प्रोग्रॅम लिहायला त्याला आठवड्यातून एकदा जाता येईल अशी सोय केली. शाळेत तेव्हा संगणकच नव्हता. तिथे त्याने बुद्धिबळाचा घोडा पटावर सोडला: एकही घर दोनदा न घेता चौसष्टही घरं फिरायची. प्रोग्रॅम चालू झाला, पण उत्तर काही येईना. मग त्याने हिशेब केला, तर सगळ्या शक्यता तपासायला विश्वाच्या वयापेक्षाही जास्त काळ लागणार होता! वेगवान यंत्र असलं तरी रीत चुकीची असेल तर निभत नाही, हे त्याला शाळकरी वयात स्वतःच्या हाताने कळलं. असं शिक्षण कुठल्या परीक्षेत मोजणार?

स्टीव्ह जॉब्स १९७२ चा. तोही मॅकॉलमांच्या वर्गात होता, पण वर्षभरच टिकला. एका सुट्या भागासाठी त्याने डेट्रॉइटच्या बरोज कंपनीला परस्पर फोन केला, तोही पैसे कंपनीने भरायचे असा, आणि नवं उपकरण बनवतोय अशी थाप मारली. भाग विमानाने आला, गुरुजी मात्र भडकले. मला त्यांचंच बरोबर वाटतं. हे दोघे स्टीव्ह वर्गात भेटलेच नाहीत. त्यांची गाठ १९७१ मध्ये बिल फर्नांडिसने घालून दिली, आणि तोही होमस्टेडचाच.

पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. घरपट्टी मूल्यांकनाच्या एका टक्क्यावर बांधली गेली आणि शाळांचं स्थानिक उत्पन्न आटलं. राज्यभर कात्री लागली, तेव्हा वर्कशॉपसारख्या खर्चिक वर्गांना फार सोसावं लागलं. मोठी यंत्रं, थोडी मुलं, वर अपघाताची धास्ती. आपल्याकडच्या टेक्निकलचंही हेच झालं, म्हणून ते माझ्या मनाला लागतं.

आणखी एक ध्यानात ठेव. ही सरकारी शाळा, फी नाही, पण तिच्या हद्दीतला पत्ता लागतो आणि तिथल्या घरांच्या किमती तुला ठाऊकच आहेत. तुझ्या आईबाबांना तो पत्ता परवडला. तुमच्या घराची साफसफाई करायला येणाऱ्या बाईंच्या मुलीला तो मिळणं कठीण. ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते, आणि तुलाही वाटावी.

आता विषयांचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला 'ए टू जी'चे पंधरा वर्षभराचे कोर्स लागतात: इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, वगैरे. त्यात दृश्यकला किंवा नाटक-संगीताचं एक वर्ष सक्तीचं आहे, ते उरकून टाकू नकोस. दोन एपी कमी घेतलेस तर आभाळ कोसळत नाही. शाळेची रोबोटिक्स टीम आहे, ६७० नंबरची. तिथे जा आणि पहिल्या वर्षी कोडिंग मागू नकोस, ड्रिलिंग आणि वायरिंग माग. डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि केस घट्ट बांधायचे.

विषयनिवडीचा फॉर्म भरायच्या आधी मला रविवारी फोन कर. आईशी मी बोलतो.

तुझा,
आजोबा